अक्काचे शेवटचे शब्द

१

मंगळवारी सकाळी आमच्या गावच्या अंगणवाडीच्या ओट्यावर आहाराची अडतीस पाकिटं पडलेली सापडली. लहान पोरांना घरी शिजवून द्यायचं पीठ असतं त्यांत. दोन-चार फोडलेली होती, बाकीची तशीच बंद. एकाही बाईनं आत येऊन सांगितलं नाही की आम्हाला नको. आणून टाकली आणि निघून गेल्या.

सेविका सुलक्षणानं ती गोळा करून आत ठेवली आणि दहाच्या सुमारास माझ्याकडे आली. मी तेव्हा अंथरुणातच होतो. बायको गेल्यापासून लवकर उठायला काही कारण राहिलेलं नाही.

माझी बायको बेबाबाई त्याच अंगणवाडीत सत्तावीस वर्षं सेविका होती. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. आजारपणामुळे तिनं दीड वर्षापूर्वी काम सोडलं. मागच्या जूनमध्ये तिच्या जागी सुलक्षणा आली आणि नोव्हेंबरात बेबाबाई वारली. त्याला आता पाच महिने झाले. मी जीवराम. यावल डेपोत एसटीचा मेकॅनिक होतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. मला लिहिण्याचा सराव नाही. जसं झालं तसं सांगतो.

सुलक्षणा दारातच उभी राहिली. म्हणाली, "नाना, तुम्हाला एक ऐकवायचंय. आधी उठून बसा."

माझ्याकडे साधा बटणांचा फोन आहे. गावच्या ग्रुपवर काय चालतं ते मला कळत नाही. तिनं तिचा फोन माझ्यासमोर धरला आणि बेबाबाई बोलायला लागली.

"बायांनो, ही पाकिटं पोरांना देऊ नका. वास मारतोय त्याला. घरात असतील तेवढी अंगणवाडीत आणून टाका. पोराच्या पोटात काही गेलं तर मग रडून उपयोग नाही."

एवढंच होतं. आवाज तिचाच होता, त्यात शंका नाही. मी खाटेची कडा धरून बसलो. सुलक्षणानं पाणी आणून दिलं.

त्या आवाजाच्या खाली कुणीतरी लिहिलं होतं, ते तिनं वाचून दाखवलं. 'बेबाअक्काचे शेवटचे शब्द. जाताना सांगून गेली. नवी बाई पोरांना काय खाऊ घालते ते बघा.'

शुक्रवारी ग्रामसभा होती. सुलक्षणाला काढून टाका असा ठराव करून वर पाठवायचं सरपंचानं ठरवलं होतं. ही जागा मिळायच्या आधी सुलक्षणा तीन वर्षं केळीच्या बागांत रोजानं जात होती. जागा गेली की पुन्हा तेच. पण तिनं मला विचारलं ते वेगळंच.

"अक्का माझ्याबद्दल असं बोलल्या होत्या का, नाना? मला काम त्यांनीच शिकवलं. खाटेवर पडून शिकवलं. मग मला न सांगता लोकांना सांगितलं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि खरंच माहीत नव्हतं. मी तिला पुन्हा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा.

डेपोत आमचं काम कानानंच चालायचं. गाडी आत आली की बॉनेट उघडायच्या आधी कळायचं की काय बिघडलंय. तिसऱ्या वेळी मला दोन गोष्टी कळल्या. पहिली ही की बेबाबाई फोनमध्ये अशी एकदम बोलायला लागत नसे. आधी नाव सांगायची, मग वार सांगायची, मग काम. म्हणजे सुरुवात कुणीतरी कापली होती.

दुसरी गोष्ट, तिच्या बोलण्यामागे लांबून एक आवाज येत होता. लोखंडाचा. कीं आणि टण्ण, कीं आणि टण्ण, कीं आणि टण्ण. मग थांबायचा. मग परत तीनदा. तो माझ्या ओळखीचा होता. पण कशाचा, ते काही केल्या आठवेना.

२

सरपंच पंडितभाऊ ग्रामपंचायतीत पंख्याखाली बसला होता. ग्रुपवर तो आवाज त्यानंच टाकला होता आणि ते त्यानं लपवलं नाही. त्याला दुकानदाराच्या मननकडून आला होता. आला तसा पुढे पाठवला.

मी विचारलं, पूर्ण ऐकला होता का. तो म्हणाला, वरचं वाचलं, थोडा ऐकला, आवाज अक्काचाच होता, अजून काय ऐकायचं.

मी त्याला सांगितलं की शेवटचे दोन महिने तिला बोलताच येत नव्हतं. कानाशी तोंड नेलं तर कळायचं. हा आवाज धडधाकट बाईचा आहे.

"मग त्याच्या आधीचा असेल," पंडित म्हणाला. "सुलक्षणा जूनमध्ये आली. अक्का त्यानंतर पाच महिने होती. जून-जुलैत तर बोलत होती ना?"

बोलत होती. पण नीट बोलायला तेव्हाही दम पुरत नसे. मी तसं म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "जीवरामभाऊ, राग मानू नका. तुम्हाला दोन वेळचा डबा सुलक्षणाकडून येतो. तुम्ही तिच्या बाजूनं बोलणारच. लोक तुमचं ऐकतील की अक्काचं? मेलेलं माणूस कशाला खोटं बोलेल?"

मला राग आला नाही. राग यायलाही अंगात काही लागतं. डबा येतो हे खरं होतं. बेबाबाईनंच जाताना तिला सांगून ठेवलं होतं. पण पंडितचं एक म्हणणं बरोबर होतं. नवऱ्याचा शब्द पुरणार नव्हता. तो आवाज जूनच्या आधीचा आहे हे मला दाखवायला हवं होतं, तेही दुसऱ्याला पटेल असं. हातात तीन दिवस होते.

निघताना त्याला विचारलं, 'शेवटचे शब्द' हे कुणी लिहिलं. तो म्हणाला, आलं तेव्हा लिहिलेलंच होतं.

३

भिकमचंदशेठचं किराणा दुकान बसस्टँडसमोर आहे. मनन त्यांचा धाकटा मुलगा. मी गेलो तेव्हा तो लहान मुलांच्या तयार खाण्याचे डबे फळीवर लावत होता. खाली दोन खोकी होती, एक रिकामं झालेलं. त्यांवर शनिवारची चिठ्ठी चिकटवलेली होती. आवाज गावात फिरला सोमवारी. मी चिठ्ठीकडे बघतोय हे भिकमचंदशेठनी बघितलं.

"दर महिन्याला दोन खोकी येतात, जीवरामभाऊ. मागच्या महिन्याची चिठ्ठीही दाखवतो. तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. कालपासून एक खोकं संपलं."

मनन लाल झाला. शेवटचे शब्द वगैरे आपण लिहिलं हे त्यानं लगेच कबूल केलं. आवाज दगूबाईनं ऐकवला होता. ती सोमवारी साखर न्यायला आली होती, फोन काढून म्हणाली, ऐक, अक्काचा आवाज आलाय. त्यानं तो स्वतःच्या फोनवर मागून घेतला.

"आणि शेवटचे शब्द?"

"मी विचारलं, जाताना सांगितलेलं आहे का हे? नव्या पाकिटांचं आहे का?"

"ती काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. नुसती उभी राहिली. नाही पण म्हणाली नाही ना, काका. मग मला वाटलं, असणार."

भिकमचंदशेठनी हातातली वही मिटली. मग मुलाला म्हणाले, "चाळीस वर्षं मी गव्हाच्या पोत्यात हात घालून तळाचा दाणा बघतो, मग पोतं उतरवून घेतो. तू एका बाईचं नाव घालवलंस आणि तळ बघितला नाहीस."

मनननं खोटं केलं नव्हतं. जे आवडलं ते पटकन खरं मानलं होतं. त्याचा दोष तेवढाच, आणि तो कमी नाही. पण आवाज त्यानं कापला नव्हता. त्याला असाच मिळाला होता.

मी दगूबाईच्या घराकडे निघालो.

४

दगूबाई अंगणवाडीतली मदतनीस. एकोणीस वर्षं बेबाबाईबरोबर काम केलेली. पाणी भरायचं, झाडायचं, शिजवायचं, पोरांना घरून आणायचं, सगळं तिच्याकडे. बेबाबाईनं काम सोडल्यावर सुलक्षणा येईपर्यंत आठ महिने तिनं एकटीनं अंगणवाडी चालवली. तिचं माहेर पिंपळनेरकडचं, म्हणून तिची बोली आमच्यापेक्षा वेगळी. गावात लोक तिच्या बोलण्याची नक्कल करतात, तीही हसते.

ती ओट्यावर बसून खलबत्त्यात मिरच्या कुटत होती. तीन ठोके द्यायची आणि खांदा धरून थांबायची. पूर्वी एकदा अंगणवाडीच्या पायरीवरून पडली, तेव्हापासून उजवा खांदा तिला तीनच्या वर चालू देत नाही.

मी विचारलं, आवाज कुठून आला. तिनं हात पदराला पुसले, फोन आणला आणि माझ्या हातात दिला. मला वाचता येतं. वर नाव होतं 'अक्का'. बेबाबाईचा नंबर. वेळ सोमवारी सकाळी नऊ बाराची. तो आवाज माझ्या बायकोच्या फोनवरून आला होता.

"अक्काना आवाज शे, भाऊ," दगूबाई म्हणाली. "अक्काना फोनवरथीन उना. मी काय खोटं बोलनू?"

मी तिला विचारलं, तुला भीती नाही वाटली? तिनं मान हलवली. म्हणाली, भीती कशाची, अक्काचीच ना. मननला शेवटचे शब्द वगैरे तू सांगितलंस का, असं विचारलं. नाही म्हणाली. तो विचारत होता आणि मी गप्प होते, म्हणाली. का गप्प होतीस, असं मी विचारलं. ती पुन्हा मिरच्या कुटायला लागली.

बेबाबाईचा फोन आमच्या कपाटात होता. तिच्या लुगड्यांच्या खाली, तिच्या चष्म्याशेजारी. ती गेली त्या दिवशी मी कपाट बंद केलं आणि किल्ली देवाच्या फळीवर ठेवली. त्यानंतर उघडलं नव्हतं. उघडायचं म्हटलं की हात जायचा नाही.

त्या दिवशी घरी जाऊन उघडलं. लुगडी होती. चष्मा होता. फोन नव्हता.

५

किल्ली कुठे असते हे माहीत असणारं माझ्याशिवाय एकच माणूस होतं. बुधवारी मी धुळ्याची गाडी धरली. गाडी चोपड्यापर्यंत तिसऱ्या गिअरला कुरकुरत होती. ड्रायव्हरला सांगितलं तर म्हणाला, आजोबा, बसा.

माझी मुलगी नूतन देवपूरला असते. जावई नीलेश तिथल्याच एका शाळेत शिक्षक आहे. मला दारात बघून नूतननं आधी विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, आईचा फोन कुठाय.

ती आत गेली आणि फोन घेऊन आली. चार्ज केलेला होता. दर महिन्याला ती त्यात रिचार्ज मारत होती.

दहाव्याच्या दिवशी नेला होता तिनं. मला विचारणार होती, पण त्या दिवसांत मी कुणाशी बोलतच नव्हतो. फोनमध्ये आईनं बोलून ठेवलेले सहा-सात आवाज होते. पोरं शाळेत गेली की ती ते ऐकायची. सोमवारी महिन्याची तिथी होती. कुणीकुणी फोटो ठेवतात, तसा तिनं आईच्याच फोनवरून आईचा आवाज स्टेटसला ठेवला. आवाज मोठा होता, तेवढा बसेना, म्हणून मधला तुकडा कापून घेतला.

"ती काय बोललीये ते मी ऐकलंच नाही, बाबा," नूतन म्हणाली. "नुसता आवाज ऐकला. बायांनो म्हणते ना ती, तेवढ्यासाठी ठेवला."

थोड्या वेळानं दगूबाईनं बोलून पाठवलं, हा आवाज मला पाठवा. इतरांनीही स्टेटसला हात जोडले होते, कुणी फुलं टाकली होती. नूतनला वाटलं, आईची जुनी माणसं आहेत, त्यांनाही आवाज हवा असेल. तिनं पाठवला.

गावात काय झालं ते मी सांगितलं. ती खाली बसली.

मी म्हटलं, पूर्ण आवाज लाव.

"मी बेबाबाई बोलते. आज शनिवार. काल आहाराची गाडी पावसात भिजून आली. बायांनो, ही पाकिटं पोरांना देऊ नका..." मग तेच, जे सगळ्या गावानं ऐकलं होतं. आणि त्याच्यापुढे, "...मी सगळी परत पाठवते आहे. नवी आली की मी आधी बघेन आणि तुम्हाला सांगेन. मग द्यायला लागा."

बाई एका भिजलेल्या गाडीबद्दल बोलत होती. तिचं काम करत होती. त्यात कुणाची तक्रार नव्हती, निरोपही नव्हता.

पण शनिवार म्हणजे कुठला शनिवार, हे त्यातही नव्हतं. पंडित म्हणाला असता, जुलैतला. नीलेशनं फोनला मोठा स्पीकर जोडून दिला. मी डोळे मिटून पुन्हा ऐकलं, आणि या वेळी तो मागचा आवाज स्वच्छ आला. कीं, टण्ण. तीनदा. थांबला. परत तीनदा.

मग मला कळलं. अंगणवाडीच्या अंगणातली हापशी. तिचा आस झिजला होता, म्हणून दांडा वर जाताना किंचाळायची आणि खाली येताना आदळायची. बेबाबाईच्या सांगण्यावरून मी स्वतः तिला दोनदा ग्रीस भरलं होतं. दोन वर्षांपूर्वी गुढीपाडव्याला गावात नळ आले आणि पुढच्याच आठवड्यात ती हापशी उपटून नेली. सुलक्षणा त्यानंतर चौदा महिन्यांनी आली. ज्या पाकिटांना वास येत होता त्यांना तिचा हात लागलेला नव्हता.

सुलक्षणा सुटली. पण मी तिथेच बसून राहिलो, कारण त्या आवाजात अजून एक माणूस होतं. हापशी आपोआप चालत नाही. तीन दांडे मारून कोण थांबतं, ते मी आदल्याच दिवशी ओट्यावर बसलेलं बघितलं होतं.

निघताना नीलेश म्हणाला, "बाबा, सभेत नूतनचं नाव घ्यायलाच पाहिजे का? जुना आवाज आहे एवढं सांगा. कापला कुणी, ते राहू द्या."

नूतन म्हणाली, "घ्या माझं नाव. नाही घेतलं तर लोक म्हणतील सुलक्षणानंच कापला."

६

शुक्रवारी सकाळी, सभेच्या आधी, मी दगूबाईकडे गेलो. फोन बरोबर होता. मी तिला काही विचारलं नाही. पूर्ण आवाज लावला आणि तिच्या समोर ठेवला.

हापशीचा आवाज आला तसा तिनं डावा हात उजव्या खांद्यावर नेला. तिला कळलं की मला कळलं.

मी तिला माझं गणित सांगितलं. मननला माहीत नव्हतं हा आवाज कधीचा. पंडितला नव्हतं. माझ्या मुलीला नव्हतं. तेव्हा ज्या बायांनी तो ऐकला त्यांची पोरं मोठी झाली, त्या विसरल्या. ती पाकिटं तुझ्या हातानं परत गेली. बेबाबाई बोलत होती तेव्हा तू दहा पावलांवर पाणी भरत होतीस. गावात एकटी तू अशी होतीस की जिला हा आवाज नवा वाटूच शकत नव्हता.

तिनं नाही म्हटलं नाही. ती जे बोलली ते बरंच होतं, मी थोडक्यात सांगतो. आवाज तिनं मागितला तो ऐकायलाच. आदल्या शनिवारी सुलक्षणा तिला पोरांच्या आयांसमोर बोलली होती की रजिस्टर तुला वाचता येत नाही तर हात लावू नको. आठ महिने त्याच अंगणवाडीत तिला सगळे बाई म्हणत होते. मग शिक्षण कमी म्हणून जागा नाही मिळाली. सोमवारी दुकानात मनन विचारत होता, नव्या पाकिटांचं का हे. एक शब्द बोलायचा होता. तो ती बोलली नाही.

"मी खोटं नही बोलनू, भाऊ," ती परत म्हणाली, पण आता हळू.

"नाही बोललीस. पण खरं तुझ्याकडेच होतं. दुसऱ्या कुणाकडे नव्हतं."

मी तिला सांगितलं की सभेत मी हापशीबद्दल बोलेन आणि माझ्या मुलीचं नाव घेईन. तुझं घेणार नाही. तुला यायचं तर ये.

देवळातल्या सभेला एरवी वीस माणसं येतात. त्या दिवशी देऊळ भरलं होतं. सुलक्षणा बायकांमध्ये बसली होती, पण तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. पंडितनं ठराव वाचला. मी उठलो आणि आवाज लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग सांगितलं की मधला तुकडा कापला तो माझ्या मुलीनं, नूतननं, आईची आठवण म्हणून, आणि चूक आमच्या घराची आहे. मग हापशीचं सांगितलं.

मागून कुणीतरी हसलं. पंडित म्हणाला, "जीवरामभाऊ, कुठल्या गाडीचा आवाज असेल, कुठल्या गिरणीचा असेल. हापशीच आहे कशावरून? तुम्ही सोडून कुणाला ओळखू येतो?"

माझे कान माझ्याकडेच होते.

दगूबाई दारापाशी उभी होती. ती आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "हापशीवर मी व्हतू."

सगळे वळले. ती पुढे बोलली ती आमच्या बोलीत, सगळ्यांना कळावं म्हणून. गाडी भिजली तो दिवस मला आठवतो. पाकिटं मी बांधून परत पाठवली. तेव्हा ही पोरगी इथं कामाला नव्हती. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. एवढं बोलून ती गेली.

कुणी सुलक्षणाची माफी मागितली नाही. पंडितनं तो कागद घडी करून खिशात घातला आणि गटारीचा विषय घेतला.

सुलक्षणा अर्ध्या सभेतून उठून बाहेर आली. मी पायरीवर बसलो होतो. ती म्हणाली, "आता उद्या आम्ही दोघींनी एका खोलीत काम कसं करायचं, नाना?"

मी म्हटलं, तू तिला रजिस्टर वाचायला शिकव. ती पायरी उतरून गेली. रागात होती, आणि तिला हक्क होता.

७

लोकांना वाटतं, खरं कळलं की संपलं. तसं नसतं. खोटा तुकडा एका दिवसात यावलला गेला, तिथून पिंपळनेरपर्यंत पोचला. दगूबाईच्या बहिणीनं तिलाच पाठवला होता, की ऐक, तुमच्या अक्काचं काय झालं बघ. दगूबाईनं शनिवारी दिवसभर बसून माहेरी एकेकाला फोन केले. पूर्ण आवाज ग्रुपवर टाकला होता, पण तो लांब होता आणि त्यात वाईट काही नव्हतं, म्हणून कुणी पुढे पाठवला नाही. मननचा एक फोन वीस जणांना पुरला होता. आम्हाला प्रत्येक घरी पायी जावं लागलं.

मी आणि सुलक्षणा शनिवारी निघालो. अडतीस पाकिटं दोन पिशव्यांत, फोडलेल्यांच्या जागी नवी. ऊन फार होतं. काही बायकांनी पाकीट घेतलं आणि मान खाली घातली. काहींनी विषयच काढला नाही. एकीनं घेतलं, पण म्हशीला घालणार हे तिच्या तोंडावर दिसत होतं. सुलक्षणा तिच्या दारात बसून राहिली, बाईनं पोराचं भांडं काढेपर्यंत.

शेवटचं घर पुनाचं, गावाच्या टोकाला. पुना मजुरीला गेला होता. त्याची सून दारात होती, कडेवर दहा महिन्यांचं पोर. पोराचं वजन कमी होतं, सुलक्षणाच्या वहीत त्याच्यापुढे लाल खूण होती. पाच दिवस त्याला भाताच्या पेजेशिवाय काही मिळालं नव्हतं.

सून पाकिटाला हात लावेना. सभेत काय झालं ते तिनं ऐकलं होतं. जुना आवाज आहे, हेही तिला पटलं होतं.

"पण अक्का म्हणाल्या होत्या ना, मी बघेन आणि सांगेन, मग द्या," ती म्हणाली. "त्या सांगत होत्या तेव्हा भीती नसायची."

यावर सुलक्षणा काय बोलणार? मीच बोललो.

"अक्का गेली, पोरी. पाच महिने झाले. ती आता काही सांगणार नाही."

हे मी याआधी कुणाजवळ बोललो नव्हतो. लोक बोलायचे, मी मान हलवायचो.

"हे पाकीट अक्कानं बघितलेलं नाही. मीही नाही. सुलक्षणानं बघितलंय. काय विचारायचं ते तिला विचार. चार प्रश्न विचार, दहा विचार. तिला राग येणार नाही."

सून सुलक्षणाकडे वळली. गाडी कधी आली, विचारलं. पाकिटं कुठे ठेवली होती, तिथं उंदीर-घुशी तर नाहीत. पाकिटावरची तारीख कुठली. मोजून किती फोडून बघितली. सुलक्षणानं एकेकाचं उत्तर दिलं. तारीख कुठे छापतात ते बोटानं दाखवलं. एका प्रश्नाला म्हणाली, ते मला माहीत नाही, सोमवारी विचारून सांगते. मला वाटतं, त्या एका उत्तरानं काम झालं.

सुनेनं पाकिटाचा कोपरा दातानं फाडला. वास घेतला. चिमूटभर जिभेवर ठेवून थांबली. मग पोर सुलक्षणाच्या हातात दिलं आणि आत जाऊन चूल पेटवली.

मी ओट्यावर बसलो. आत पोर रडत होतं. नव्या माणसाच्या हातात गेलं म्हणून असेल, भुकेनंही असेल. बराच वेळ रडत होतं.

मग वाटीत चमचा वाजला आणि ते गप्प झालं.